मांडवीवरचं एकवीस आणि घरचा हिशोब

आमच्या बेळगावच्या घरात पत्ते कधीच वर्ज्य नव्हते. मे महिन्यात पोरं जमली की दुपारभर बदाम सात आणि मेंढीकोट, दिवाळीत मोठ्यांची रमी. आजी चिंचोके लावून 'एकवीस' खेळायची आणि आम्हा पोरांना बिनदिक्कत लुबाडायची. रात्री चिंचोके परत डब्यात जायचे, त्यामुळे हरल्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

गेल्या पावसाळ्याआधी माझा भाचा मित्रांबरोबर चोर्ला घाट उतरून पणजीला गेला. मांडवीवरच्या कॅसिनोत ब्लॅकजॅक म्हणतात ते म्हणजे हेच आजीचं एकवीस. परत आला तो गप्प गप्प. आठ दिवसांनी कळलं, वहिनीने गिलाव्यासाठी बाजूला ठेवलेले चाळीस हजार तिथे गेले. दादाने त्याच्याशी बोलणंच टाकलं.

मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. म्हणून मी त्याला एवढंच विचारलं, "नेमका खेळलास कसा?"

"आत्या, माझ्याकडे सोळा होते आणि डीलरची छक्की दिसत होती. मी पान घेतलं."

"का रे घेतलंस?"

"वाटलं की तसं."

मला राग आला तो या 'वाटलं की'चा. घरात आम्ही त्याला पत्ते शिकवले, हिशोब शिकवलाच नाही. त्याच संध्याकाळी जोड काढला.

या खेळात कॅसिनोची खरी कमाई एका साध्या गोष्टीत आहे. आधी पान घ्यायचं आपण. आपण एकवीसच्या वर गेलो की पैसे गेले, मग डीलरही पुढे फुटला तरी आपल्याला काही मिळत नाही. पण डीलरचे हातही बांधलेले असतात. सतरा होईपर्यंत त्याला पान घ्यावंच लागतं. पंजी किंवा छक्की दिसत असेल तर तो शंभरात चाळीसेक वेळा फुटतो. म्हणून आपल्याकडे बारा ते सोळा आणि त्याच्याकडे दुर्री ते छक्की असेल तर थांबायचं. फक्त बारावर दुर्री-तिर्रीसमोर एक पान घ्यायचं. त्याच्याकडे सत्ती किंवा वरचं पान असेल तर सतरा होईपर्यंत घेत राहायचं. एक्का अकरा धरून सतरा झाले तर तिथे थांबायचं नाही. एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी फोडायची, पंज्यांची आणि दश्श्यांची कधीच नाही. अकरा झाले आणि समोर एक्का नसेल तर पैज दुप्पट.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकी लष्करात असताना चार तरुणांनी टेबलावरच्या साध्या गणनयंत्रांवर हा हिशोब मांडला आणि १९५६ साली संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. पुढे एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९६२ साली पानं मोजण्याची रीत पुस्तकात दिली. पण मोजणाऱ्याला कॅसिनो टेबलावरून उठवू शकतो, आणि जिथे यंत्र सतत पानं पिसत असतं तिथे मोजून उपयोगच नाही. त्यामुळे ते सोडून द्या.

आता पैशाचं बोलू. हजाराची पैज, तासाला साठ हात, चार तास बसलात तर २,४०,००० रुपये टेबलावरून फिरतात. चांगले नियम असलेल्या टेबलावर वर सांगितल्याप्रमाणे खेळलात तर कॅसिनोचा वाटा अर्धा टक्का, म्हणजे सरासरी १,२०० रुपये. मनाला येईल तसं खेळणाऱ्याचे दोन टक्के धरले तर ४,८०० रुपये.

बसण्याआधी टेबलावर लिहिलेलं वाचा. एक्का आणि दहाचं पान पहिल्याच फटक्यात आलं तर हजारावर १,५०० मिळतात की १,२००? साधारण एकवीस हातांत एकदा असं पान येतं, म्हणजे हे तीनशे रुपये सारखे कापले जातात. त्याने कॅसिनोचा वाटा जवळजवळ दीड टक्क्याने वाढतो. शिकलेलं सगळं तिथेच बुडतं. अशा टेबलावर बसूच नये.

डीलरला एक्का आला की 'इन्शुरन्स' घेणार का म्हणून विचारतात. विमा म्हटलं की आपल्या मध्यमवर्गीय मनाला बरं वाटतं. पण तो एकाला दोन देतो, म्हणजे बरोबरीत सुटायला तीनांत एक वेळा दहाचं पान यायला हवं. दश्शी, गुलाम, राणी, राजा ही तेरांत चार. तीनांत एकाला ती कमीच पडतात. विमा नको म्हणायचं.

भाच्याबरोबर पहिल्या संध्याकाळी दोनशे हात खेळले. डीलर मी, चिंचोके आजीच्याच डब्यातले. तो अकरा चिंचोके जिंकला आणि म्हणाला, "बघ आत्या, जमलं की!" दुसऱ्या संध्याकाळी तसाच नीट खेळून सव्वीस हरला. माणूस फसतो तो इथेच. एका रात्रीत नशीब मोठं आणि अर्धा टक्का लहान, म्हणून जिंकलेला स्वतःला हुशार समजतो आणि हरलेला वसुलीला परत जातो. ज्याला आपण फायदा म्हणतो तो खरं तर कमी तोटा आहे. पैज वाढवून तो भरून निघत नाही.

काहीजण म्हणतील, बाई पोराला जुगार शिकवते. दादाही तेच म्हणाला. माझं म्हणणं वेगळं आहे. गोव्याच्या रहिवाशांना २०२० पासून सरकारने कॅसिनोच्या दारातच अडवलं आहे. आम्हा बेळगावकरांना कोण अडवणार? घाट उतरला की झालं. कोल्हापूरचा असो की इंदूरचा, सुट्टीत गोव्याला गेलेला आपला मुलगा एकदा तरी त्या बोटीकडे बघणारच. 'जाऊ नको' एवढं सांगून आपण हात झटकतो, आणि तो 'वाटलं की' म्हणत पान घेतो.

भाच्याने दर महिन्याला तीन हजार वहिनीच्या हातात ठेवायला सुरुवात केली आहे. गिलावा पावसाळ्यानंतर होईल. पुन्हा जाणार नाही असं वचन मी मागितलेलं नाही. एवढंच सांगितलंय, गेलास तर सिनेमाच्या तिकिटासारखे गेलेच समजून पैसे ने, ते संपले की ऊठ, आणि एटीएम कार्ड घरी ठेव. या टेबलावर आपल्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उठायची वेळ.

यंदा दिवाळीला पोरं जमतील तेव्हा रमीबरोबर एकवीसही मांडा. चिंचोक्यांवर खेळा, पण वहीत प्रत्येक हात लिहा आणि शेवटी बेरीज पोरांनाच करू द्या.