इंजिन बदलल्याने कोंबी बाटत नाही



फोक्सवॅगनच्या जुन्या कोंबी व्हॅनमध्ये पाण्याने थंड होणारे आधुनिक इंजिन बसवणे म्हणजे गाडीचा आत्मा काढून घेणे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मला मुळीच पटत नाही. हा बदल खुद्द कंपनीनेच केला होता. जर्मनीत १९८२ साली तिसऱ्या पिढीच्या व्हॅनला पाण्याने थंड होणारे पेट्रोल इंजिन मिळाले. ब्राझीलमध्ये तर जुन्या घडणीची कोंबी २०१३ पर्यंत बनत होती. तिथेही २००५च्या अखेरीस प्रदूषणाच्या नियमांपुढे हवेने थंड होणाऱ्या इंजिनाने हात टेकले आणि १.४ लिटरचे पाण्याचे इंजिन आले. नाकावर रेडिएटरची काळी जाळी आली, पण लोकांनी गाडीला कोंबीच म्हटले.

मूळपणाचा आक्षेप मला मान्य आहे, पण तो दुर्मीळ, अखंड राहिलेल्या गाड्यांपुरता. रोज सामान भरून डोंगर चढणाऱ्या गाडीचे गणित वेगळे. जुन्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या हवेच्या वाटेतच उभा असे, त्यामुळे तिसऱ्या सिलिंडरला तापलेली हवा मिळे आणि तिथला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी जळे. खरा धोका आहे तो अर्धवट कामात. वाढलेल्या ताकदीला जुने ब्रेक आणि गिअरबॉक्स पुरतील का, पुढच्या रेडिएटरपासून मागच्या इंजिनापर्यंतच्या लांबलचक पाइपांत हवा तर अडकणार नाही ना, हे न बघणाऱ्यांवर पत्रलेखकांनी टीका केली असती, तर मी त्यांच्याच बाजूने लिहिले असते. आणि चॅसी न कापता, मूळ इंजिन जपून ठेवून काम केले, तर पुढच्या मालकाला परतीची वाट मोकळी राहते.