थंडी, जोडी आणि हारजीत

सीतादही झाली, पहिल्या दोन वेच्यांचा कापूस घरात आला, की आमच्या भागात दोनच गोष्टींची चर्चा ऐकू येते. एक कापसाच्या भावाची आणि दुसरी पटाची. पट म्हणजे शंकरपट. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या प्राध्यापकांनी पुण्याकडचा घाटातला बैलगाडा पाहिला असेल. आमचा पट त्याहून वेगळा. हलक्या छकड्याला एक जोडी, छकड्यावर एक धुरकरी, समोर सरळ धावपट्टी आणि शेवटी घड्याळ घेतलेली माणसे. काही सेकंदांत खेळ संपतो आणि सेकंदाच्या शंभराव्या भागावरून निकाल लागतो. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट सर्वांना ठाऊक आहे. त्याच्याहून लहान पट हिवाळाभर गावोगाव भरत असतात.

या मैदानावर थंडी हा फार अधिकारवाणीने बोलण्याचा विषय आहे. "गारठ्यात पयते हे जोडी", "ते ऊन चढल्याबिगर उठत नाही", "पहाटच्या दवात त्याईचा पाय धरत नाही" अशी वाक्ये शेकोटीभोवती ऐकू येतात आणि त्या वाक्यांवर शंभराच्या, पाचशेच्या नोटा लागतात. माझे म्हणणे एवढेच की थंडीचा परिणाम खरा आहे. पण तो ज्याला खरोखर कळतो तो पैसे लावीत नाही, आणि जो पैसे लावतो त्याला तो कळण्याची सोयच आपण ठेवलेली नाही.

आधी खरे काय ते पाहू. माझे मोठेबाबा तरुणपणी धुरकरी होते. ते शाळेत गेले नाहीत, पण पौषातल्या सकाळी जोडी कशी हाताळावी हे त्यांच्याकडून शिकावे. रात्री बैल गोठ्याच्या आडोशाला, अंगावर झूल, गव्हाणीत कडबा भरपूर. ढेप त्यांनी बेताचीच ठेवली; "रातचा कडबाच शेकोटी हाय", असे ते म्हणत. बी. ए. च्या वर्गात हे शिकवीत नाहीत, परंतु शास्त्र त्यांच्याच बाजूचे आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात वैरण आंबते तेव्हा उष्णता निर्माण होते, आणि जाड्याभरड्या वैरणीची ती उष्णता अधिक. आपला वशिंडाचा बैल उन्हाला काटक. कातडी सैल, केस आखूड. ज्या गुणाने तो वैशाखात टिकतो त्याच गुणाने पौषात लवकर गारठतो. गारठलेला स्नायू ताठ असतो, सावकाश आवळतो, आणि एकदम ताण पडला तर दुखावतो. म्हणून मोठेबाबा जोडीला आधी बराच वेळ चालवीत, मग हलके पळवीत, आणि नवख्या धुरकऱ्याला सांगत, "आंग मोकयं झाल्याबिगर सोडू नोको. घडी मंग पाह्यजो."

जमिनीचेही तसेच. आमची काळी माती सकाळी दवाने ओलसर असते, दुपारी तीच भुसभुशीत होऊन धूळ उडू लागते. पहिल्या आणि पन्नासाव्या जोडीला एकच पट्टी मिळत नाही. सकाळी आठला पारा दहा अंशांच्या आसपास आणि दुपारी दोनला लोक स्वेटर काढून खांद्यावर टाकतात. तरी फलकावर दोन्ही जोड्यांचे सेकंद एकाखाली एक लिहिले जातात आणि त्यांचीच तुलना होते.

आता घोड्यांच्या शर्यतीकडे पाहा. मुंबईच्या महालक्ष्मीला १८८३ पासून मैदान आहे. तिथला मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पावसाळ्यात शर्यती पुण्याला. मुंबईची थंडी म्हणजे आमच्याकडची कोजागिरी. तिथल्या प्रशिक्षकाला गारठ्याची चिंता फारशी नसावी. इंग्लंडात मात्र हिवाळ्यात हिरवळ गोठून शर्यती रद्द होतात; त्यासाठीच १९८९ साली लिंगफील्डला सर्व ऋतूंत चालणारी वेगळी धावपट्टी केली. तिथे दिवस लहान होऊ लागले की घोड्याच्या अंगावर दाट केस येतात. घाम त्यात मुरला तर लवकर वाळत नाही, म्हणून ते कापतात आणि वरून झूल घालतात. मोठेबाबांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "म्हंजे साहेबाच्या घोड्यालेही झूल लागते!"

फरक झुलीचा नाहीच, वहीचा आहे. त्या शर्यतींत प्रत्येक धावेची नोंद होते आणि छापली जाते: घोडा कोणता, प्रशिक्षक कोण, अंतर किती, वेळ किती, मैदान कडक होते की मऊ. एखाद्या प्रशिक्षकाचे घोडे डिसेंबरात मंदावतात का, हे कोणीही मागची पाने चाळून पाहू शकतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली लक्ष्मणन प्रकरणात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरविला. घोड्याचा, स्वाराचा, मागच्या कामगिरीचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो, असा त्यामागचा विचार. ते खेळणारे शेवटी किती कमावतात हा प्रश्न निराळा. सरकार मात्र कमावते. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्या पैजांवर ४० टक्के कर आहे.

आमच्या पटावरची हारजीत कायद्यात बसत नाही, आणि बसावी असे मला वाटतही नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी ती कौशल्याची नाही. "गारठ्यात पळते" म्हणणाऱ्याला विचारा, मागच्या वर्षी ती किती वाजता सोडली होती? उत्तर येत नाही. ती एकदा सकाळी जिंकली, कोणीतरी पाहिले, त्याने दुसऱ्याला सांगितले, आणि जोडीचा स्वभाव ठरून गेला.

मग ही हारजीत हिवाळ्यातच का फुलते? माझ्या मते त्याचे कारण हवेत शोधण्याचे काम नाही. जिनिंगवर गाड्या लागतात तेव्हा, वर्षातून एकदाच, कास्तकाराच्या हातात रोख रक्कम येते. त्याच महिन्यात उधारीवालाही दारात असतो आणि पटाचा मांडवही उभा असतो. आमच्या गल्लीतल्या एका माणसाने दोन क्विंटल कापसाचे पैसे एका दुपारी घालवले. "थंडी उतरली म्हणून जोडी बसली", असे तो आजही सांगतो. त्याचा मुलगा माझ्याबरोबर बारावीला होता. परीक्षेचा अर्ज त्याने भरला नाही. सध्या तो पुण्याकडे एका गोदामात पोती मोजतो. थंडीला दोष देणे सोपे आहे, कारण थंडी परत बोलत नाही.

आणि बैलही बोलत नाही. पैसा लागला की धुरकऱ्यावर चहूबाजूंनी दाब येतो. जोडी अजून ताठ आहे, पण नंबर पुकारला आहे, लोक ओरडत आहेत. मग धुरकरी, जो बहुधा दुसऱ्याचा सालदार असतो, तुतारीकडे हात नेतो. याच गोष्टींमुळे पट बंद पडले होते हे आपण किती लवकर विसरलो! ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आमच्या घरचा छकडा गोठ्याच्या छपरावर चढला तो तिथेच राहिला. राज्याने २०१७ साली कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा मान्य केला. जनावराला मारणे, टोचणे, विजेचा धक्का देणे यास मनाई, याच अटीवर ही परवानगी आहे. तुतारीचे एक टोक पुन्हा न्यायालयापर्यंत पोचू शकते, हे पैसे लावणाऱ्याच्या गावीही नसते.

पट बंद व्हावेत असे मी म्हणत नाही. ज्या बापाने आयुष्यभर वखर ओढला त्याच्या बैलाला वर्षातून एकदा टाळ्या मिळतात, यात मला काही वावगे दिसत नाही. मंडळांकडे माझी मागणी अगदी किरकोळ आहे. फलकावर सेकंदांच्या शेजारी सुटण्याची वेळ लिहावी. सकाळच्या आणि दुपारच्या जोड्यांचे निकाल वेगळे लावावेत. जोडी सोडण्यापूर्वी तिला फिरवण्यासाठी वेगळी जागा व ठरलेला अवधी द्यावा आणि तो संपेपर्यंत नंबर पुकारू नये. आणि ही वही दरवर्षी जपून ठेवावी. आपल्या महाविद्यालयातील चार-पाच विद्यार्थी जानेवारीत हे काम विनामूल्य करू शकतात. लिहायला आम्हांला येते, आणि तापमापक भूगोल विभागात असतोच. मी मोठेबाबांना विचारले आहे. पहिल्या जोडीपासून शेवटच्यापर्यंत ते माझ्याशेजारी बसून, कोणते अंग मोकळे झाले होते आणि कोणते नव्हते, ते सांगायला तयार आहेत.