आखणीपर्यंतचे पावसाळे

एखाद्या मुलाने बरे चित्र काढले की घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, ‘हात आहे हो पोराला!’ वाक्य कौतुकाचे खरे, पण त्यात एक निकालही दडलेला असतो. ज्याला हात आहे त्याला आहे, नाही त्याला नाही, विषय संपला. अलीकडे हा निकाल घरोघर नव्याने मागितला जाऊ लागला आहे. नववीतली मुलगी मोबाइलवर बोटाने चित्रे काढते. तिला संगणकाला जोडायचा पेन टॅब्लेट हवा असतो, पुढे ॲनिमेशन शिकायचे असते. रत्नागिरीतले पालक मला विचारतात, ‘अंगात कला असेल तरच खर्च करू. तुम्ही जरा बघून सांगता का?’

मला असे बघून सांगता येत नाही. ज्यांना येते त्यांच्यावर माझा फारसा विश्वासही नाही.

आपल्याकडे भाद्रपदाच्या आधी गावोगाव गणपतीच्या शाळा भरतात. तिथे नव्या मुलाच्या हाती कुणी बारीक ब्रश देत नाही. माती मळायची, साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे बुजवायचे, घासकाम करायचे. मग अंगाचा रंग, पीतांबर, दागिने. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, आणि ती शाळेतला मुरलेला माणूसच करतो, कारण तिथे रेघ हलली तर सबंध मूर्तीचा भाव बिघडतो. त्याचा हात पाहून आपण ‘देवाची देणगी’ म्हणतो. आधीचे कित्येक पावसाळे आपण पाहिलेले नसतात, एवढेच.

संगणकावर हे पावसाळे आणखीच दिसेनासे होतात. सावंतवाडीला 1882 साली जन्मलेले सावळाराम हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र आठवा. हातात दिवा धरलेली ती तरुणी म्हणजे त्यांची मुलगी गीता. म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमधले हे चित्र पुष्कळजण रविवर्म्याचे समजतात, ते असो. ते जलरंगातले आहे. जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच उजेड. एकदा झाकला की परत मिळवणे महाकठीण. उलट पडद्यावर चूक क्षणात नाहीशी होते. फोटोशॉपमध्येही 1998 सालच्या पाचव्या आवृत्तीपूर्वी एकच पाऊल मागे जाता येत असे. आता कितीही जा.

ही सोय मला वाईट वाटत नाही. कागद वाया जाण्याची धास्ती गेली, रंगांचा खर्च गेला. बेताच्या मिळकतीच्या घरात हे थोडे नव्हे. पण मुले एकच रेघ तीस वेळा काढतात आणि पुसतात. एकतिसावी चुकून बरी आली की पुढे सरकतात. हाताला काही कळलेले नसते. म्हणून मी सांगतो, चुकलेली रेघ पुसू नका. वर नवा लेयर घ्या, पुन्हा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

सराव म्हणजे घोकंपट्टीही नव्हे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रासाठी बाजाराचा एकच देखावा पाठ करून जाणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांना ग्रेड मिळते, पण समोरची पाटी घेतलेली कोळीण काढता येत नाही.

काही मुलांना आकार लवकर दिसतो, हे मी नाकारत नाही. पहिल्या वर्षी तो फरक डोळ्यांत भरतो. त्यावरून दुसऱ्याचे दार बंद करणे मात्र अन्यायाचे आहे. डेव्हिड हॉकनी सत्तरी उलटल्यावर, 2010 साली, आयपॅडवर चित्रे काढू लागले. यंत्र नवे होते, पण हाताखाली अर्धशतकाचे रेखाटन होते.

तेव्हा टॅब्लेट घ्यायचाच तर साधा, बिनपडद्याचा घ्या, आणि निकाल वर्षभर लांबणीवर टाका. मधल्या रविवारी मुलीला मिरकरवाडा बंदरावर घेऊन जा. किनाऱ्याला ओढून ठेवलेली एखादी होडी तिला वहीत काढू द्या, मग घरी पडद्यावर. होडीची बाजू पुढे नाळेकडे वळते तो बाक भारी फसवा असतो. चार-पाच रविवार सहज जातील.