काचेआडची बाहुली

पुतण्या पुण्यात ड्रायव्हरचं काम करतो असं मी मागे लिहिलं, तेव्हा दोघांनी गाडी कोणती म्हणून विचारलं! मंडळी, तो कंप्यूटरमधले ड्रायव्हर लिहितो. दिवाळीत आमचा यावरून चांगलाच वाद झाला.

कॅमेऱ्याचं चित्र आधी ड्रायव्हरच्या बफरमध्ये, म्हणजे राखून ठेवलेल्या मेमरीत येतं. तिथे आपल्या प्रोग्रामला प्रवेश नाही, म्हणून कर्नल नक्कल करून देतो. १९२० गुणिले १०८० ठिपके, ठिपक्याला ४ बाइट, सेकंदाला ३० चित्रं. गुणाकार मी कागदावर केला. नुसत्या नकलेपायी सेकंदाला जवळजवळ २५ कोटी बाइट! "त्यापेक्षा काका, तोच बफर प्रोग्रामला मॅप करून द्यायचा."

हे मला पटलं. पुण्याच्या सी-डॅकनेही परम संगणकांच्या जोडणीसाठी 'क्षिप्र' केलं, ते संदेश पाठवताना कर्नलचा हेलपाटा वाचवण्यासाठीच.

पण उघडायचं किती? आमच्या तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली आपण खरीच बघतो, नक्कल नव्हे. मात्र काचेतून. मेमरीलाही अशी काच असते : फक्त वाचायची परवानगी. गोम निराळीच आहे. मेमरी पानापानानेच मॅप होते आणि पान सहसा ४०९६ बाइटचं. बफर १०० बाइटचा असला तरी उरलेले ३९९६ बाइटही दिसणार. तिथे दुसऱ्या कुणाची गुपितं पडलेली असली तर? म्हणून पान आधी पुसून कोरं करायचं आणि त्यावर दुसरं काही ठेवायचं नाही.

पुतण्या म्हणाला, "आधी चालू तर होऊ दे, परवानग्या मागाहून बघू." इथेच मी अडलो. डिसेंबर २०१२ मध्ये एक्झिनोस चिपच्या गॅलेक्सी एस ३ सारख्या फोनांत हेच उघडकीला आलं होतं. एका ड्रायव्हरची फाइल कुठल्याही ॲपला फोनची सगळी मेमरी मॅप करून देत होती, वाचायला आणि लिहायलाही! काच तर नाहीच, किल्ल्याही दारालाच. सॅमसंगला मागाहून दुरुस्ती पाठवावी लागली.

शिवाय ड्रायव्हरने तपासायचं ते मॅप करताना एकदाच. पुढची राखण प्रोसेसर स्वतःच करतो. मग वेळ वाचतो कुठे, असं मी विचारलं. त्याने आणखी एक लाडू घेतला आणि म्हणाला, "सोमवारी कोड बघतो."