गाजर गवत : बांध एकाचा, बी सर्वांचे



नायगाव परिसरात चार पाऊस पडले की उसाआधी बांध हिरवे होतात. जवळ जाऊन पाहावे तर गाजर गवत! "बांधावरच आहे ना, उसाला काय करतंय?" असे आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात. आम्हांस हे पटत नाही.

हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडे १९५५ साली ते पुण्यात प्रथम नजरेस आले. हराळी पिकाचे खत-पाणी खाते, हे आपण जाणतोच. गाजर गवत त्याच्याही पुढे जाते. त्याच्या अंगात पार्थेनिन नावाचे विषारी द्रव्य आणि काही आम्ले असतात. पावसाने पाने धुतली, मुळे पाझरली, झाड कुजले, की ती मातीत उतरतात. मग शेजारच्या बियांची उगवण मार खाते, रोपे खुरटतात. डाळवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठीही कमी धरतात. तेव्हा उसात हरभरा किंवा सोयाबीनचे आंतरपीक घेणाऱ्याने तरी सावध व्हावे. शिवाय खुरपणाऱ्या आयाबहिणींच्या अंगाला खाज सुटते, कुणाला दमा लागतो, तो त्रास वेगळाच.

चूक कुठे होते? फुले आल्यावर आपण ते उपटतो आणि बांधावरच फेकतो. एका झाडाला हजारो बिया. वारा, पाटाचे पाणी, ट्रॅक्टरच्या चाकाचा चिखल त्या गावभर नेतात. म्हणून फुलोऱ्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे व खड्ड्यात कुजवावे. पडीक जागेत तरोट्याचे बी फेकावे. तरोटा दाट वाढून या गवताला दाबतो. १९८४ साली आपल्या देशात सोडलेले मेक्सिकन भुंगे पावसाळ्यात त्याची पाने खातात. ते दिसतील तिथे औषध फवारू नये.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह असतो. पण तोवर पुष्कळ झाडे फुललेली असतात. आमची सूचना अशी, की जुलैतच गटवार एक दिवस ठरवावा आणि सर्वांनी एकदम बांध साफ करावेत. कारखान्यानेही गाडीतळ, रस्ते व तोडणी टोळ्यांच्या कोप्यांची जागा आधी स्वच्छ करून दाखवावी. शेजाऱ्याचा बांध फुललेला असेल, तर आपण एकट्याने केलेली मेहनत पुढच्या पावसात वाया जाते. उसासाठी आपण एकत्र आलो, मग या गवतासाठी का येऊ नये?