शुद्ध कोणाचं?

अभिजात इंग्रजी नाटकांचे विषय विचारले की मत्सर, सत्ता, प्रेम अशी यादी येते. वर्ग त्यातून हमखास गळतो. शॉच्या 'पिग्मॅलियन'मध्ये (१९१३) फुलं विकणाऱ्या मुलीचे उच्चार बदलतात आणि तिची पायरी बदलते. म्हणजे ती पायरीच खोटी. पुलंनी १९७५ साली त्याची 'ती फुलराणी' केली. आपण त्यातून काय उचललं? मंजुळेच्या बोलीवरचं हसू.

याच पुलंचा अंतू बर्वा आमच्या रत्नागिरीतल्या मधल्या आळीचा. त्याच्या तिरकस, नाकातल्या बोलण्याची नक्कल अख्खा महाराष्ट्र कौतुकानं करतो. ते सुधारायला कुठला प्राध्यापक येत नाही, कारण ते बामणाघरचं. मिरकरवाड्यात मासळी विकणारी बाई तितकीच तिरकस बोलते, पण ते 'अशुद्ध'. तेव्हा बोलीवर प्रेम वगैरे सांगू नका. प्रेम आडनावावर आहे.

नाटक जुनं झालं म्हणणाऱ्यांनी पुण्यात आमच्या ऑफिसातल्या मुलाखती बघाव्यात. कोड उत्तम लिहिणाऱ्या मुलाच्या नावापुढे शेरा पडतो: 'कम्युनिकेशन कच्चं.' मुलगा बहुधा खेड्यातला असतो. शॉची एलायझा निदान विचारते तरी, की आता माझं काय होणार? या मुलाला शेरा दाखवतही नाहीत.