पिळलेले खांब

नाशिकच्या एका वाचक भगिनीनें या सदराकडे धाडलेला प्रश्न वरकरणीं सुतारकामाचा आहे. परंतु त्याच्या पोटीं असलेली काळजी निराळीच आहे. त्यांची कन्या व जामात अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायना राज्यांत राहतात. घराच्या पाठीमागें जमिनीपासून पुरुषभर उंचीचा लांकडी सज्जा, तिकडे ज्यास ‘डेक’ म्हणतात तो, जामात स्वतःच्या हातांनीं बांधीत आहेत आणि नातवाची मुंज त्यावरच करण्याचा बेत आहे. खांब उभे करून दहा दिवस झाले नाहींत तोंच सहांपैकीं दोन पिळून गेले. लांकूड कमअस्सल कीं जावईबापूंचा हात नवखा, आणि पन्नास माणसांचा भार हे खांब पेलतील काय, असें त्या विचारतात.

हाताला दोष देण्याचें कारण नाहीं. त्या प्रांतांत अशा कामास बहुधा दक्षिणेकडील पिवळा पाइन वापरतात. तो वाळवी व कुजणें यांपासून वांचावा म्हणून तांब्याचे क्षार मिसळलेलें पाणी मोठ्या दाबाखालीं त्याच्या अंगांत भरतात. (पूर्वी त्यांत सोमलही असे, घरगुती कामांतून तो २००३ अखेर काढून टाकण्यांत आला.) असा खांब वखारींतून निघतो तेव्हां पुष्कळदां ओलाचिंबच असतो. पेशींच्या पोकळींतलें पाणी उडून जाईतों लांकडाचा आकार बदलत नाहीं. परंतु ओल सुमारें तीस टक्क्यांच्या खालीं उतरली कीं पेशींच्या भिंती सुकूं लागतात व लांकूड आकसतें. उघड्यावर तें अखेर बारा-पंधरा टक्क्यांवर स्थिरावतें.

सर्व अंगांनीं सारखें आकसलें असतें तर तक्रार नव्हती. पाइनची लोब्लॉली नांवाची जात पूर्ण वाळली म्हणजे वर्षवलयांच्या दिशेनें सुमारें ७.४ टक्के, तर गाभ्याकडून सालीकडे ४.८ टक्केच आकसते. आपल्या सागाचे हेच आंकडे सुमारें ५.८ व २.५ आहेत, जुन्या वाड्यांतले सागवानी खांब पिढ्यान्‌पिढ्या ओळंब्यांत उभे राहतात, त्याचें एक कारण हेंच. शिवाय तिकडील पाइन लागवडीचा, झपाट्यानें वाढलेला. चार-बाय-चारचा खांब लहान खोडांतून काढला कीं झाडाचा गाभाच त्यांत येतो, आणि गाभ्याजवळच्या कोंवळ्या लांकडांतील तंतू सरळ न जातां मळसूत्रासारखे चढतात. वाळतांना असा खांब पिळणारच. एका बाजूस ऊन व दुसऱ्या बाजूस सावली असली तर बाकही येतो.

आतां उपाय. खांब एकदां वाळून पिळला म्हणजे तो पाणी मारून किंवा वजन ठेवून सरळ करण्याच्या खटाटोपांत वेळ दवडूं नये. ओळंबा लावून पाहावा. खांब उभा सरळ असेल आणि वरची तुळई त्यावर पूर्ण टेकत असेल, तर थोडा पीळ डोळ्यांना खुपेल एवढेंच. भाराला बाध नाहीं. उभ्या भेगांनींही घाबरूं नये. तंतूंच्या दिशेनें गेलेली भेग खांबाची भार सोसण्याची शक्ति फारशी कमी करीत नाहीं. मात्र तुळई एका कडेवरच टेकूं लागली किंवा बोल्टांचीं भोकें जुळेनाशीं झालीं, तर तो खांब निःसंकोच काढावा. सबंध सज्जाच्या खर्चांत एका खांबाची किंमत ती काय!

नवा खांब सहा-बाय-सहाचाच घ्यावा. प्रत्यक्षांत तो साडेपांच इंचच भरतो. तिकडील वखारींची ही जुनी रीत आहे. शक्य तर प्रक्रियेनंतर भट्टींत वाळविलेला मागावा; त्यावर ‘के. डी. ए. टी.’ अशी खूण असते व किंमत थोडी अधिक पडते. एका टोकाशीं डोळा लावून दुसऱ्या टोकापर्यंत पाहावें, आणि छेदावर गाभा मुळींच नसलेला, निदान बरोबर मध्यभागीं असलेला, खांब निवडावा. आणल्यावर उन्हांत एकटा पडूं देऊं नये. लगेच लावतां येत नसेल तर सावलींत, मध्यें पट्ट्या घालून, इतर खांबांबरोबर घट्ट बांधून ठेवावा. उभा केल्यावर तुळई चढविण्यास आठवडा लावूं नये. डोकें मोकळें राहिलेला खांबच अधिक पिळतो, आणि या घरीं बहुधा हेंच झालें असावें. कापलेल्या टोकास तांब्याचें औषध लावावें व बोल्ट जस्ताचा जाड मुलामा दिलेलेच घ्यावे, कारण तांबें साध्या लोखंडास खातें. खालीं खांब काँक्रीटला भिडूं न देतां लोखंडी बैठकीवर इंचभर उचलून धरतात; आपल्याकडे दगडी उथाळ्यावर खांब ठेवीत तें याच हेतूनें.

पन्नास माणसांची गोष्ट मात्र खांबांवर संपत नाहीं. तिकडील नियमांत दर चौरस फुटास चाळीस पौंड भार धरतात. बारा फूट रुंद व सोळा फूट लांब सज्जास तो साडेतीन हजार किलोंच्या आसपास होतो. पन्नास माणसें त्यांत बसतात, परंतु सर्वच्या सर्व एका कोपऱ्यांत, छायाचित्रासाठीं, दाटलीं तर हिशेब बदलतो. शिकागोंत २९ जून २००३ रोजीं मेजवानीच्या गर्दीखालीं इमारतीचे लांकडी सज्जे कोसळून तेरा तरुण दगावले. सज्जा पडतो तो पुष्कळदां खांब मोडून नव्हे, तर घराच्या भिंतीशीं त्यास जोडणारी फळी निसटून. ती नुसत्या खिळ्यांवर आहे कीं आरपार बोल्टांवर, हें जावईबापूंस विचारावें, आणि स्थानिक तपासनिसानें काम पाहून मंजुरी दिल्यावांचून मुंजीचीं आमंत्रणें धाडूं नयेत. सासूबाईंनीं हें स्वतः लिहिण्याऐवजीं कन्येकडून वदवावें.

रंगाची घाई नको. लांकडावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा; तो तसाच मोत्यासारखा उभा राहिला तर लांकूड अजून ओलें आहे, आंत जिरला तर हात देण्यास हरकत नाहीं. त्यास कांहीं आठवडे, कधीं महिनेही लागतात. तेव्हां मुंज बिनरंगी सज्जावर झाली तरी चालेल.